जुना डेटा नवीन सिस्टीममध्ये नेताना नक्की काय फसतं

ताई, तुमचा प्रश्न वाचला. वागळे इस्टेटमधला वडिलांचा प्रेस पार्टचा (पत्रा दाबून केलेल्या सुट्या भागांचा) कारखाना आता तुम्ही बघताय, बारा वर्षांचे हिशोब टॅली ह्या अकाऊंटिंग सॉफ्टवेअरमध्ये आहेत, स्टॉक एक्सेलमध्ये, जॉबवर्कची, म्हणजे बाहेर काम करून घ्यायला पाठवलेल्या मालाची, चलानं वहीत, आणि नवीन ईआरपीवाला (हिशोब, स्टॉक, बिलं सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर विकणारा) म्हणतोय की पंधरा दिवसांत सगळा डेटा टाकून देतो, दिवाळीच्या आधी चालू करू. तुम्ही विचारलंय की यात काय चुकू शकतं आणि पंधरा दिवस पुरतील का.

पुरणार नाहीत. आणि तो माणूस खोटं बोलतोय असंही नाही, त्याच्या दृष्टीने डेटा टाकणं म्हणजे फाईल अपलोड करणं, त्याला खरंच दोन दिवस लागतात. वेळ जातो तो त्या फाईलमध्ये जे लिहिलंय त्याचा अर्थ काय हे शोधण्यात, आणि तो अर्थ ज्याला माहितीये तो माणूस ईआरपीवाल्याकडे नसतो, तुमच्याच ऑफिसात बसलेला असतो. मी वीसेक वर्षं हेच काम करतोय, ठाण्यापासून रबाळे, महापे, तुर्भेपर्यंतच्या धंद्यांसाठी, आणि जिथे जिथे फसलंय तिथे त्या माणसाला उशिरा विचारलं म्हणून फसलंय.

एक उदाहरण सांगतो. रबाळ्याला एका पॅकेजिंगवाल्यांकडे पार्टीची, म्हणजे गिऱ्हाईक-पुरवठादारांची, यादी काढली तर तीसेक नावांच्या आधी टिंब होतं. आमच्याकडे कामाला असलेल्या मुलाने कचरा समजून एका फॉर्म्युल्यात सगळी टिंबं उडवली. त्यांचे अकाऊंटंट काका डबा खाऊन आले, प्रिंट हातात घेतली, चष्मा वर केला आणि म्हणाले टिंबवाले कुठे गेले? टिंब म्हणजे त्या पार्टीला उधार नाही, आधी पैसे मग माल. टिंब लावलं की नाव यादीत सगळ्यात वर येतं, बिल बनवताना लगेच दिसतं, म्हणून त्यांनी कधीतरी ती खूण सुरू केली आणि ती कुठेच लिहिलेली नव्हती. त्याच यादीत पत्त्याच्या तिसऱ्या ओळीत कुणाच्या पुढे ‘चेक घेऊ नये’, कुणाच्या पुढे ‘माल गेट नं. २’ असं होतं. काका त्या दिवशी सुट्टीवर असते तर आम्ही त्या तीस जणांना उधारीवर माल द्यायची सोय करून दिली असती, आणि सिस्टीमने एकही एरर दाखवला नसता. म्हणून माझं पहिलं सांगणं असं की पार्टी, आयटम आणि लेजरच्या (हिशोबाच्या खात्यांच्या) याद्या कागदावर छापा आणि तुमच्याकडे जो कोणी रोज एन्ट्री करतो त्याच्या शेजारी बसून ओळीन् ओळ वाचा. हे नाव दोनदा का आहे, हा आयटम शेवटचा कधी विकला, ह्या लेजरमध्ये नेमकं काय टाकता, हे विचारत जा. कंटाळवाणं आहे, सुट्टीचे दोन-तीन शुक्रवार जातील, पण त्याला दुसरा रस्ता मला आजवर सापडलेला नाही.

आता टॅलीचं. टॅलीतून एक्सेलला रिपोर्ट काढला की डेबिट-क्रेडिट जे दिसतं ते सेलच्या फॉरमॅटमध्ये असतं, आकड्यात नसतं. म्हणजे डोळ्याला ‘डेबिट’ दिसतंय पण सेलमध्ये नुसता आकडा आहे, क्रेडिटवाल्याचाही नुसता आकडाच, उणे चिन्ह नाही. बेरीज मारली की येणीदेणी सगळी एकाच बाजूला जमा. नगाचंही तसंच, ‘१२ नग’ मधला ‘नग’ हा फॉरमॅट असतो, त्यामुळे ती शीट व्हॅल्यू म्हणून पेस्ट केली की किलो आणि नग एकाच रांगेत येऊन बसतात. प्रेस पार्टवाल्यांकडे पत्रा किलोत येतो आणि पार्ट नगात जातो, म्हणजे तुम्हाला हे सगळ्यात जास्त लागणार. ईआरपीवाल्याला विचारा की तो एक्सेलवरून घेणार की टॅलीतून एक्सएमएल काढून (ह्या फाईलमध्ये प्रत्येक आकड्यासोबत तो कशाचा आहे ते लिहिलेलं असतं). एक्सएमएल म्हणाला तर जरा निर्धास्त राहा, एक्सेल म्हणाला तर डेबिट आणि क्रेडिटचे दोन वेगळे कॉलम हवेत असं आधीच सांगून ठेवा.

येणी कशी न्यायची हा सगळ्यात मोठा वादाचा विषय, आणि इथे शॉर्टकट हमखास मारतात. पार्टीच्या नावावर एकरकमी बॅलन्स टाकायचा, म्हणजे अमुककडून ४,८०,००० येणं, तारीख १ एप्रिल, झालं काम. ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांची डेबिट-क्रेडिटची बेरीज) जुळतो, सगळे खूश. मग जूनमध्ये वसुलीचा रिपोर्ट काढला की सगळी येणी एकाच वयाची दिसतात, दोन वर्षं अडकलेलं बिल आणि मार्चमधलं बिल शेजारी शेजारी. देण्याच्या बाजूला तर हे अजून महागात जातं कारण सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असा एमएसएमई कायदा आहे, उशीर झाला तर व्याज, आणि मुदत टळून वर्षअखेरीपर्यंतही पैसे दिले नाहीत तर त्या वर्षात तो खर्च इन्कम टॅक्सला धरत नाहीत. बिलाची मूळ तारीख गेली की ही मोजणी करायची कशी? तेव्हा प्रत्येक उघडं बिल त्याच्या जुन्या नंबर आणि जुन्या तारखेसकट न्या, आणि पुरवठादाराच्या मास्टरमध्ये (मूळ माहितीच्या यादीत) उद्यम नोंदणीचा (लहान उद्योग असल्याच्या सरकारी नोंदीचा) कॉलम भरून घ्या.

आणि त्याच्या आधी एक काम आहे जे फक्त तुमच्या ऑफिसातच होऊ शकतं, ते म्हणजे ‘ऑन अकाऊंट’ पडलेले पैसे. टॅलीत पार्टीने पैसे पाठवले की ते कुठल्या बिलाचे हे न जोडता तसेच ऑन अकाऊंट टाकायची सवय सगळीकडे आहे. बारा वर्षांत ह्या रकमा साचतात, आणि मग पार्टीचं खातं शून्य असूनही आत चाळीस उघडी बिलं आणि पंधरा न जोडलेल्या पावत्या असतात. हे आहे तसं नवीन सिस्टीममध्ये गेलं तर ती पहिल्याच दिवशी त्या चाळीस बिलांच्या आठवणीचे मेसेज पाठवेल, ज्यांचे पैसे कधीचेच येऊन गेलेत. जुन्या गिऱ्हाईकाला असा मेसेज गेला की त्याचा राग फोनवर तुम्हाला ऐकावा लागतो. आधी जोडून घ्या, मग न्या.

जॉबवर्कबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीये पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. तुमचे पार्ट प्लेटिंगला (धातूचा मुलामा द्यायला) बाहेर जातात. तो माल तुमच्या गोडाऊनमध्ये नाही, म्हणून स्टॉक मोजायला गेलेला माणूस तो मोजत नाही. तो विकलेलाही नाही, म्हणून येण्यात दिसत नाही. असतो फक्त चलानबुकात, ते पण तुमच्याकडे वहीत. कटओव्हरच्या, म्हणजे जुनं बंद करून नवीन चालू करायच्या, दिवशी हा माल कुणाच्याच यादीत नसतो. महाप्याला एका ठिकाणी असंच झालं, मशीनिंगला गेलेले कास्टिंग ओपनिंग स्टॉकमध्ये (सुरुवातीच्या साठ्यात) आलेच नाहीत, आणि महिन्याभराने माल परत यायला लागला तर सिस्टीम विचारते हा माल गेला कधी? स्टोअरचा मुलगा बिचारा रोज ‘स्टॉक ॲडजस्टमेंट’ टाकत राहिला, आणि वर्षअखेरीला ऑडिटरने विचारलं की एवढा माल आपोआप कुठून वाढला. त्यात जीएसटीचा नियम असा की जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत आला पाहिजे, नाहीतर ज्या दिवशी पाठवला त्या दिवशीच विकला असं धरतात आणि कर व्याजासकट भरावा लागतो. कॅपिटल गुड्सला (यंत्रसामग्रीला) तीन वर्षं आहेत, डाय, जिग, फिक्स्चर अशा साच्या-पकडींना ही मुदत नाही. म्हणजे चलानाची मूळ तारीख हरवली तर तुमचं घड्याळच हरवलं. तुमच्या वहीतली सगळी उघडी चलानं एका यादीत उतरवा, चलान नंबर, तारीख, पार्ट, किती नग गेले, किती आले, किती रिजेक्ट. मग ती यादी घेऊन प्लेटिंगवाल्याकडे स्वतः जा आणि त्याच्या शेल्फसमोर उभं राहून टिक करा, फोनवर नको. डाय कुणाकुणाकडे पडल्यात तेही त्याच फेरीत लिहून घ्या, जुन्या डाय विसरल्या जातात आणि पत्र्यापेक्षा महाग असतात.

एक्सेलचे त्रास बहुतेकांना माहिती असतात तरी सगळे त्यातच अडकतात, म्हणून भराभर सांगतो. एक्सेल १५ आकड्यांच्या पुढचं लक्षात ठेवत नाही, १६ आकडी खातेनंबर आकडा म्हणून टाकला तर शेवटचा आकडा शून्य होतो आणि तो परत येत नाही. सुरुवातीचे शून्य उडतात. ‘३-४’ असा पार्ट कोड असेल तर त्याची तारीख होते, ‘१२ई५’ सारखा कोड बारा लाख होतो. ०३/०४ हे तीन एप्रिल की चार मार्च हे कॉम्प्युटरच्या सेटिंगवर ठरतं, आणि वाईट म्हणजे तेरा तारखेपासून पुढच्या तारखा अडकतात तेवढ्या दिसतात, एक ते बारा गुपचूप उलट्या होऊन आत जातात. तेव्हा फाईल उघडायच्या आधी कॉलम टेक्स्ट करून घ्यायचे. आणि रांगा मोजायच्या, निघाल्या किती आणि पोचल्या किती. जुन्या एक्सएलएस फाईलमध्ये ६५,५३६ रांगाच मावतात, २०२० मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्य यंत्रणेने कोविडचे रिपोर्ट ह्याच जुन्या फॉरमॅटमधून पुढे सरकवले आणि १५,८४१ पेशंट रोजच्या आकड्यातून गळाले. एवढ्या मोठ्या यंत्रणेचं होतं तर आपलं का नाही होणार. रांगा मोजायला पाच मिनिटं लागतात.

मराठी नावांचं थोडं सविस्तर सांगतो, तुमच्या कामगारांचं हजेरी-पगाराचं रजिस्टर मराठीत असेल तर उपयोगी पडेल. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये एका अडत्यांकडे काम केलं होतं. शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या वर्षानुवर्षं मराठीत, पण जुन्या फॉन्टमध्ये, श्रीलिपी, शिवाजी वगैरे. त्या फॉन्टमध्ये स्क्रीनवर मराठी दिसतं पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट काढला की नुसता चिखल. ते युनिकोडला (सगळ्या कॉम्प्युटरवर सारखं चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीला) बदलायचे कन्व्हर्टर मिळतात आणि बरंचसं नीट येतं, जोडाक्षरांत आणि रफारात चुकतं. आम्ही सगळं बदललं, तरी संगमनेरकडचं कऱ्हे गाव यादीत दोनदा येत राहिलं. दोन्ही डोळ्याला एकसारखी. शेवटी कळलं की त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी लिहिता येतो, आपल्याला एक दिसतं पण कॉम्प्युटरला दोन वेगळी गावं. अजून एक, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट जागा खातं, काना-मात्रा आणि पाय मोडायचं चिन्हसुद्धा. नुसतं ‘ज्ञानेश्वर’ लिहिलं की तीस बाइट गेले, आणि नवीन सिस्टीमने नावाला पन्नास बाइटच ठेवले असतील तर आडनाव मधूनच तुटतं. इंग्रजी नावांवर टेस्ट केली तर हे कधीच दिसत नाही.

तिथेच माझ्याकडून एक चूक झाली जी मी अजून विसरलेलो नाही. डुप्लिकेट शेतकरी एक करायचे म्हणून आम्ही नाव आणि मोबाईल नंबर जुळला की एकच माणूस असं धरलं. एकाच गावात एकाच नावाचे आणि एकाच आडनावाचे दोन शेतकरी होते, आणि दोघांच्या पुढे नंबर होता टेम्पोवाल्याचा, कारण माल तो घेऊन यायचा आणि गाळ्यावर त्याचाच नंबर द्यायचा. पुढे बघितलं तर तो एक नंबर चाळीसेक शेतकऱ्यांच्या पुढे होता. दोघांची खाती एक झाली आणि एकाच्या कांद्याच्या पट्टीचे पैसे दुसऱ्याच्या बँकेत गेले. दोघंही सरळ माणसं, पैसे परत आले, पण ज्याचे गेले त्याला खतवाल्याचे द्यायचे होते आणि आठ दिवस तो फोन करत होता. तेव्हापासून डुप्लिकेट आपोआप एक करायचं मी बंद केलंय. मशीनने फक्त संशयित जोड्या काढून द्यायच्या, ठरवायचं ओळखणाऱ्या माणसाने.

तुमच्याकडे पार्टीसाठी जीएसटी नंबर आहे ही मोठी सोय आहे. १५ अक्षरं, पहिली दोन राज्याची, आपल्याकडे २७, मग पॅनची दहा, आणि शेवटचं अक्षर पडताळणीचं असतं, म्हणजे टायपिंगची चूक गणितानेच पकडता येते, ईआरपीवाल्याला ते लावायला सांगा. पॅन सारखा पण सुरुवातीचे आकडे वेगळे असतील तर ती एकाच कंपनीची दुसऱ्या राज्यातली शाखा, ती एक करायची नाही. बँकेचे आयएफएससी कोड मात्र सगळे तपासा. २०१९ आणि २०२० मध्ये देना, विजया, सिंडिकेट, कॉर्पोरेशन, आंध्रा, अलाहाबाद अशा बँका मोठ्या बँकांत विलीन झाल्या आणि त्यांचे जुने कोड गेले, जुन्या मास्टरमध्ये ते अजून बसलेले असतात. आयएफएससीमध्ये पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं आणि तिथे हमखास इंग्रजी ओ टाईप केलेला सापडतो.

बारा वर्षांचं सगळं नेऊ नका. माझं मत ठाम आहे यात. उघडी बिलं, उघडी चलानं, स्टॉक, लेजरचे बॅलन्स आणि जिवंत मास्टर एवढंच न्या, फार तर चालू आणि मागच्या वर्षाची विक्री आयटमवार, भाव बघायला लागते म्हणून. बाकी जुनं टॅलीतच राहू दे, पण उघडता येईल असं. जीएसटीची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात आणि कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हिशोबाची पुस्तकं आठ वर्षं. त्यामुळे टॅलीचं लायसन्स आणि ज्या कॉम्प्युटरवर ते चालतं तो, दोन्ही भंगारात काढायची घाई नको. बॅकअप दोन ठिकाणी, आणि तो दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून एकदा उघडून बघा, न उघडलेल्या बॅकअपवर मी विश्वास ठेवत नाही. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर १ एप्रिल २०२३ पासून सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा आणि बंद न करता येणारा ऑडिट ट्रेल लागतो, नवीन सिस्टीममध्ये तो आहे का हे लेखी घ्या.

तारखेचं म्हणाल तर दिवाळीच्या आधी अजिबात नको. बोनस, डिस्पॅच, सगळ्यांच्या सुट्ट्या, त्यात नवीन स्क्रीन. शिवाय वर्षाच्या मधे बदललं की बिलांची सिरीज, अर्धी रिटर्न जुन्यातून अर्धी नव्यातून, हे सांभाळत बसावं लागतं. १ एप्रिल धरा, स्टॉक तर ३१ मार्चला मोजताच. फक्त एक लक्षात ठेवा की मागच्या वर्षाचं ऑडिट पुढे सप्टेंबरपर्यंत चालतं आणि सीए त्यात एन्ट्र्या टाकतो, तोपर्यंत ओपनिंग बॅलन्स कच्चा आहे आणि परत बदलणार हे ईआरपीवाल्याच्या करारात असू दे, नाहीतर तो दर बदलाचे पैसे लावतो. नवीन बिलाची सिरीज ठरवताना नंबर १६ अक्षरांच्या आत बसवा, जीएसटीला त्याच्यापेक्षा मोठा चालत नाही. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर एचएसएन (मालाच्या प्रकाराचा जीएसटी कोड) सहा आकडी लागतो आणि ई-इन्व्हॉइसही (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल), ते कनेक्शन मार्चमध्येच टेस्ट करून घ्या, पहिल्या एप्रिलला गाडी गेटवर उभी असताना नको.

जानेवारीत आणि फेब्रुवारीत एकेक पूर्ण रंगीत तालीम करा, खऱ्या डेटावर. ट्रायल बॅलन्स, पार्टीवार येणं-देणं, आयटमवार नग आणि रक्कम दोन्ही जुळवा, आणि फरक निघाला तर ‘राउंड ऑफ’मध्ये टाकू देऊ नका, दहा रुपयांचा फरकसुद्धा कधीकधी दोन मोठ्या चुका एकमेकांना खाऊन उरलेला असतो. आणि आकडे जुळले म्हणजे संपलं असंही नाही. २०१८ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एका शनिवार-रविवारात लाखो ग्राहक नवीन प्लॅटफॉर्मवर हलवले, डेटा नीट पोचला होता, पण नवीन प्लॅटफॉर्म चालू होताच बिघडायला लागला, लोकांना आठवडे खाती नीट वापरता आली नाहीत, आणि २०२२ मध्ये नियामकांनी ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला. म्हणून तालमीत एक अख्खा दिवस जगून बघा, पत्रा आला, प्लेटिंगला गेला, चलान निघालं, बिल झालं, अर्धे पैसे आले, एक माल रिजेक्ट होऊन परत आला. रिजेक्शन विसरू नका, डेमोत ते कुणीच दाखवत नाही.

आणि तुमचे जे जुने अकाऊंटंट आहेत ना, वडिलांच्या वेळचे, ज्यांचा ह्याला विरोध आहे असं तुम्ही लिहिलंय. त्यांना बाजूला ठेवून हे करू नका. मला असे खूप काका भेटलेत, त्यांना कॉम्प्युटरची भीती नसते, आपली गरज संपली असं वाटतं त्याची भीती असते, आणि त्यांच्या डोक्यात जे आहे ते कुठल्याच फाईलमध्ये नाही. येत्या शुक्रवारी कारखान्याला सुट्टी असते ना, त्या दिवशी पार्टीची यादी छापा, दोन पेनं घ्या आणि त्यांना म्हणा, काका, पहिल्या नावापासून सांगा. ईआरपीवाल्याला त्या दिवशी बोलावू नका.